बोट लावू नका

चंद्रपूरच्या जिल्हा कार्यालयात मी वार्ताहर होतो, तेव्हा वर्तमानपत्राच्या मुख्य कार्यालयाने आम्हाला टच स्क्रीनचा संगणक पाठवला. तो कोणी मागितला नव्हता. आमचा जुना बंद पडला होता आणि तिकडे हा शिल्लक होता.

पाने आणि जाहिराती लावणाऱ्या ऑपरेटरने सुरुवातीला पडद्यावर बोटे फिरवून पाहिली, मग सोडून दिले. मोबाइल हातात असतो. मेजावरचा पडदा समोर उभा असतो, त्याला बोट लावायचे तर हात अधांतरी धरावा लागतो. दुपारपर्यंत त्याचा खांदा भरून येई. शिवाय मराठी टाइप करायला दोन्ही हात कीबोर्डवरच लागतात. तो माउसवर परतला. पडद्याचा स्पर्श मात्र चालूच राहिला; जे कोणी वापरत नाही ते बंद करण्याचे कोणाला सुचले नाही.

अडचण बाहेरून येणाऱ्यांची झाली. आमच्याकडे मेजावरच्या संगणकासमोर माणूस एकटा बसत नाही. एक बसतो, दोघे-तिघे त्याच्या पाठीशी उभे राहतात, आणि जाहिरात देणारा पडद्यावर बोट टेकवूनच बोलतो. इथी नाव चुकलं, इथी फोटो मोठा करा. जुन्या पडद्यावर त्या बोटाचा नुसता डाग पडे. नव्या पडद्याला दाखवणे आणि हुकूम करणे यांतला फरक कळत नव्हता. वाढदिवसाच्या जाहिरातीत आपला फोटो साहेबांच्या खाली काऊन, असे विचारत एका कार्यकर्त्याने बोट सरकवले, तर त्याचा फोटो उडून थेट साहेबांच्या तोंडावर बसला. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "भाऊ, आता तिकीट तुमालेच." सगळे हसले. ऑपरेटरने कीबोर्डवरून ते सरकणे रद्द केले आणि काम पुढे गेले. नव्या पडद्याची एवढी गंमत आम्हाला पुरेशी होती.

त्याच महिन्यात सावली तालुक्यातल्या एका गावातून दीर आणि भावजय तेरवीची, म्हणजे तेराव्याची, जाहिरात द्यायला आले. बाईचा नवरा घुग्घुसला कोळशाच्या वाहतुकीत कामाला होता. पाळी संपवून मोटरसायकलने खोलीवर जाताना तो ट्रकखाली आला. त्याचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते आणि मोबाइल त्याच्यासोबतच चिरडला गेला. घरात लग्नाचा अल्बम होता तो एका पावसाळ्यात भिजून चिकटला होता. दिराने बरेच हिंडून एका नातेवाइकाकडून एक फोटो मिळवला होता. कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवातली गर्दी, आणि मागच्या रांगेत, बाजूला पाहणारा तो. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा.

बाईला जाहिरातीच्या मजकुराशी काही देणेघेणे नव्हते. तो दिराने सांगितला, नवऱ्याचे नावही त्यानेच सांगितले. तिला चेहरा हवा होता. जाहिरात छापून झाली की तोच फोटो मोठा करून घरी लावायचा, असे दीर म्हणाला.

ऑपरेटरने गर्दी कापून चेहरा वेगळा केला, मोठा केला, उजळला. जितका मोठा केला तितका तो फुटत गेला. त्याने कडा गुळगुळीत केल्या तेव्हा तिथे एक नीटनेटका, कोणाचाही असू शकेल असा माणूस तयार झाला. बाई स्टुलावरून उठून पडद्याजवळ आली.

"इथी तीळ होता," ती म्हणाली आणि तिने डोळ्याखाली बोट टेकवले.

चेहरा बोटासोबत सरकला आणि पडद्याच्या कडेबाहेर गेला. मागे पांढरी चौकट उरली. बाईने हात एकदम पदराखाली घेतला.

"गेले का हे?"

ऑपरेटर म्हणाला, "नाई बाई, कुठी नाई गेले. वापस आनतो." त्याने कीबोर्डच्या दोन कळा दाबल्या. चेहरा जागेवर आला.

बाई पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, अजून मागे जाता येते का. ऑपरेटरने त्याच कळा पुन्हा दाबल्या. गुळगुळीत कडा गेल्या. उजळलेपण गेले. मोठेपणा गेला. पुन्हा दाबल्यावर कापलेली गर्दी परतली: मांडव, वऱ्हाडी, पंगतीत वाढणारे, आणि मागच्या रांगेत बाजूला पाहणारा तो, कोणाशी तरी बोलत असावा असा.

"अजून?" बाई म्हणाली.

"आता नाई जात. फाइल उघडली तिथपर्यंतच जाते."

ती म्हणाली, मग असेच राहू द्या, सगळ्यांसकट. दिराने तिला समजावले की तेवढ्या जागेत मांडव मावत नाही आणि मेलेला कोणता ते लोकांना कळायचे कसे. तिने वाद घातला नाही. ऑपरेटरने पुन्हा कापले, पुन्हा उजळले, आणि तिने दाखवले होते त्या जागी एक बारीक तीळ घातला. तोपर्यंत ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. बोलावले तरी आत आली नाही.

जाहिरात ठरल्या दिवशी आली. छपाईत चेहरा आणखी काळवंडला. तीळ शाईचा ठिपका वाटत होता. दीर-भावजय गेल्यावर ऑपरेटरने सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा स्पर्श बंद केला होता, पण त्याचा या जाहिरातीला उपयोग नव्हता.

दुपारी दिराचा फोन आला. गावात अंक पोचला होता. वयनी जेवली नाई, तो म्हणाला. ती म्हणते, हे नाईत.

आमच्याकडे चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापण्याची पद्धत आहे. मी मजकूर पुन्हा वाचला. नाव बरोबर होते, गाव बरोबर होते, तेरवीचा दिवस बरोबर होता. फोटो त्याचाच होता. मी दिराला तसे सांगितले. तो हो म्हणाला.