कायमची राहायला आलेली अन्नपूर्णा

चहा खाली ठेवून ऐका, नाहीतर ठसका लागेल. माझा पोपट आजवर बऱ्याच जणांनी केलाय, पण हा मी स्वतःच्या हातांनी केला.

आम्ही नवराबायको घोडबंदर रोडला राहतो. सासूबाई डोंबिवलीला, एकट्या. एका सकाळी त्यांचा फोन आला. "मंदार बोलला असेलच तुला. शुक्रवारी अन्नपूर्णेला घेऊन येतेय."

मंदार म्हणजे माझा नवरा. तो कशाला काय सांगतोय? आणि आमच्या सासरी आत्या-मावश्या इतक्या, की 'ही कोण' असं विचारायची चोरी. असेल कोकणातली कुणीतरी, म्हटलं.

"या ना. किती दिवस राहणार त्या?"

"दिवस कसले? आता कायमची तुझ्याकडेच."

कायमची! तरी आवाज गोड ठेवून विचारलं, "चालता येतं ना त्यांना?"

"चालता? अगं, बसलेलीच आहे ती. आणि अंगाने भरीव हो, सांभाळून उचलायची."

"पथ्यपाणी काही?"

"काही नाही. जे करशील ते आधी तिच्यापुढे ठेवायचं, मग तुम्ही जेवायचं. आणि अधूनमधून चिंच लावून चोळ, म्हणजे उजळते."

चिंच? असेल काहीतरी आयुर्वेदिक. कातडीचा त्रास असेल बाईंना.

संध्याकाळी मंदारवर आग पाखडली. "कायमची येतेय ती! ठेवायची कुठे?"

त्याने मोबाईलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "बसेल की स्वयंपाकघरात, कोपऱ्यात. तिला कितीशी जागा लागते?"

मी थक्क. इतका दगडाच्या काळजाचा माणूस? एवढ्या म्हाताऱ्या बाईला कोपऱ्यात बसवणार? त्या क्षणी माझा राग गेला आणि त्या बाईंची दया आली. छोटी खोली मी रिकामी केली. पलंग, मऊ उशी, बाथरूममध्ये धरायला दांडा. शेजारच्या पाटीलकाकूंकडे काकांच्या ऑपरेशनच्या वेळची व्हीलचेअर होती, तीही मागून घेतली.

शुक्रवारी गेटवर मी, काकू, व्हीलचेअर आणि उचलायला दोन वॉचमन. टॅक्सी थांबली. सासूबाई एकट्याच उतरल्या, छातीशी एक गाठोडं.

"आई, अन्नपूर्णा कुठायत?"

"ही काय," म्हणत त्यांनी जुनं सुती पातळ उलगडलं. आत पितळेची देवी. वीतभर उंच, मांडी घालून बसलेली, हातात पळी.

"कल्याणच्या कारागिराकडून हाताने घडवून घेतली," त्या म्हणाल्या. "लग्नात आई देते ना मुलीला अन्नपूर्णा? तुझी आई तेव्हा नव्हती, आणि आमच्यातही कुणाला सुचलं नाही. इतकी वर्षं तुझ्या देवघरातली ती जागा रिकामी बघतेय. म्हटलं, आता मीच देते."

मी तिथेच रडायला लागले. वॉचमनना वाटलं, येणाऱ्या बाई वाटेतच गेल्या. एकाने हळूच टोपी काढली.

मग सगळं सांगावंच लागलं. सासूबाई इतक्या हसल्या, की व्हीलचेअरवर त्यांनाच बसवावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे कोण कुठली म्हातारी येतेय समजून तू खोली रिकामी केलीस?"

"केली. पण आधी खूप चिडले."

"चिडशील नाहीतर काय. मीही चिडले असते." मग व्हीलचेअरवरून उठत म्हणाल्या, "खोली दाखव तरी."

आमच्याकडे राहायला या म्हणून किती वर्षं मागे लागलेले मी त्यांच्या. दर वेळी एकच, 'तुम्हाला अडचण नको.' त्या दिवशी त्यांनी पलंगावर बसून उशी दाबून बघितली, खिडकी उघडली आणि मंदारला फोन करून स्वतःचे कपडे मागवले. आता दोघीही इथेच आहेत. देवीचे उपकार मानू की माझ्या मूर्खपणाचे, कळत नाही.

दुसऱ्या दिवशी देवीपुढे पहिला नैवेद्य ठेवला. वरण-भात, वर तूप. हात जोडले, मन भरून आलं, आणि तोंडातून निघून गेलं, "मीठ बरोबर आहे ना?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "मला विचार. ती नवीन आहे, खरं सांगायची नाही."