मुठीतला इस्तो

मी जन्मात एकदाच शौर्य गाजवलं, आणि तेही डोळे मिटून!

साता समुद्रापलीकडे गोरे लोक आपसात लढत होते आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. अकोटात आमचं कुंभाराचं घर. शेजारी पाटलाच्या अंगणात कापसाचा घराएवढा ढीग, मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. हिवरखेडच्या एका कुंभाराच्या मुलीशी माझी सोयरीक ठरत होती; पण तिचे वडील म्हणाले, "पयले पोराचा आवा पाह्यतो, मंग पोरगी देतो." आवा म्हणजे मडकी भाजायची आमची भट्टी. तिच्या पोटातून काय निघेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. भीतीनं मला भाकरी गोड लागेना!

छाप पाडायला मी झाकणांवर पळसाची फुलं घडवली. (नमुन्याच्या ताज्या फुलांची टोपली कुंपणापाशी ठेवली होती. तुम्ही लक्षात ठेवा, मी विसरलो.) गावातले सगळे बैल कापसाच्या गाड्यांना जुंपलेले, म्हणून गोवऱ्यांचा दुष्काळ. मी आव्यावर सरकी ओतली.

"काहून रे, हे काय टाकून राह्यला?" आवा पाहायला आलेल्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं.

"सरकी हाय, मामाजी. जोरात जयते!"

सरकीत तेल असतं, हे मला आवा पुरुषभर भडकल्यावर आठवलं. त्यात वारा सुटला. आणि पाहतो तर पाटलाच्या ढिगावर लाल इस्तो! एक, दोन, पाच निखारे! ढीग पेटला तर पाटलाचं घर, आमचं घर, अख्खं अकोट!

"माय वो!" मी ओरडलो आणि दोन भरल्या घागरी आव्यावर उपड्या केल्या. आतून तडातड आवाज आले. सगळी मडकी गेली. ढिगावरचे निखारे मात्र तसेच! मी कुंपणावरून उडी मारली (अर्धं धोतर काट्यांतच राहिलं), डोळे मिटले आणि एक निखारा मुठीत आवळला.

गारच लागला! डोळा किलकिला केला. पळसाचं फूल! वाऱ्यानं माझीच टोपली उडवली होती.

तेवढ्यात मामाजी धावत आले. माझ्या बोटांतून लाल रस गळत होता.

"अरे बापा! हातानं इस्तो धरला! दाखव, किती भाजलं?"

"नोको!" मी किंचाळलो.

त्यांचे डोळे पाणावले. "मडके फुटू दे. शेजाऱ्याच्या कापसासाठी हात जाळनारा जावई मले कुठी भेटन? पोरगी देल्ली!"

मी मूठ उघडलीच नाही; मायनं वरूनच हळद लावून हात बांधला. पुढचा महिनाभर कुणी पट्टी सोडेल, या धाकानं मी घामाघूम. चाक बंद. लग्नातला घासही दुसऱ्यानं भरवला. शेवटी नवी नवरी म्हणाली, "आना हात, पट्टी बदलून देतो."

पट्टी सुटली. हात धडधाकट, वर वाळलेली पाकळी! तिनं ती चिमटीत उचलली.

"बाबाले सांगू काय?"

त्या दिवसापासून आमच्या घरी विहिरीचं पाणी मी भरतो. सासरे आता नाहीत, म्हणून एवढं सांगायची हिंमत झाली. डोक्यावरची घागर उतरवायची हिंमत मात्र अजून व्हायची आहे!