दादाला अवकाशात शोधताना

१९९९ साली दर रविवारी सकाळी आठ वाजता मी अवकाशात असायचे. म्हणजे तशी सांगलीतच, विश्रामबागच्या एका सायबर कॅफेत, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर... पण डोक्याने अवकाशात.

दादा दीड वर्षापूर्वी वाय-टू-केच्या, म्हणजे कॉम्प्युटरांना २००० साल समजावायच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता. फोन आला की आई-बाबाच बोलायचे, तेही ओरडून, आणि विषय एकच... जेवण. माझ्या हातात रिसीव्हर येईपर्यंत लाइन गेलेली असायची.

मग त्यानेच हा ऑनलाइन गेम शोधून काढला. काळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके, प्रत्येकाला एक ग्रह आणि एक जहाज. त्याची शनिवारची रात्र, माझी रविवारची सकाळ. त्याने जहाज कुठेतरी लपवायचं, मी शोधायचं, आणि जवळ पोहोचले की मेसेजची खिडकी उघडायची... मग गप्पा.

शोधायला आठ प्रोब मिळायचे. प्रोब म्हणजे छोटी शोधयंत्रं. नकाशावर सोडली की आसपास जहाज आहे का आणि साधारण किती लांब, एवढंच सांगायची.

मी काय करायचे, तर गेल्या रविवारी दादा जिथे सापडला होता तिथेच आठच्या आठ ओतायचे. मन तिथेच अडकलेलं ना! दादा अर्थातच तिथे नसायचा. तो सापडेपर्यंत माझा अर्धा तास संपत यायचा आणि पुढचं गिऱ्हाईक मागे उभं राहून घसा खाकरायला लागायचं.

तोवर ही सगळी गंमतच होती. पण गणपती उठले आणि आई मागे लागली... दादा दिवाळीला येणार का, विचारलंस का? अनारशाचे तांदूळ आधीच भिजत घालावे लागतात, पीठ चांगलं मुरावं लागतं. दादा असला की सगळं दुप्पट, कारण निम्मे अनारसे तो एकटाच फस्त करतो.

फोनवर तो नुसतं 'बघतो, कळवतो' म्हणायचा. बहिणीला तरी खरं सांगेल, असं आईला वाटायचं. तीन रविवार गेले. दरवेळी माझं 'दादा, दिवाळीला' एवढं टाइप होईपर्यंत वेळ संपायचा आणि मी हात हलवत घरी.

चौथ्या रविवारी कॅफे चालवणारे बिरूभाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मूळचे जतकडचे, वडील अजून मेंढरं घेऊन फिरणारे. बराच वेळ माझा उद्योग बघत होते, शेवटी त्यांना राहवेना.

'ताई, आसं कुटं आसतंय व्हय? मेंढरू चुकलं तर समदी माणसं एकाच ओढ्यात घालता का? चौघांनी चार टेकाडांवर लांब लांब उबं ऱ्हायाचं. घंटी कुणाला ऐकू येती ते बगायचं. मग तिकडं आवळत जायाचं.'

मी तसंच केलं. चार प्रोब चार टोकांना सोडले... त्यातल्या दोघांना चाहूल लागली. बाकीचे उचलून त्या दोघांच्या मध्ये आणले, घेर लहान केला, आणखी लहान केला. सात मिनिटांत जहाज समोर! मी खुर्चीतच उडी मारली.

'घावलं बगा!' बिरूभाऊ माझ्यापेक्षा खूश.

'एवढ्या लवकर?' दादाने लिहिलं. मी नमस्कार-चमत्कार काही न करता थेट दिवाळीचं विचारलं.

मग एक ओळ आली. 'नाही जमणार गं. पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही.' आणि तिच्याखाली दुसरी... 'म्हणून तर दर वेळी आणखी लांब लपत होतो. तू पोचेपर्यंत वेळ संपावा म्हणून.'

पहिल्यांदाच आमच्याकडे गप्पांना इतका वेळ होता, आणि आम्ही कृष्णेला पाणी किती आलं, त्याच्याकडे थंडी किती, असलं काहीबाही लिहीत बसलो. मला त्याचा रागही आला होता आणि कीवही.

घरी आई दारातच उभी. 'आज सापडलाच नाही,' मी म्हणाले. आईशी इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते.

'बरं,' आई म्हणाली. जरा माझ्या तोंडाकडे बघितलं, आत गेली आणि तांदूळ भिजत घातले... गेल्या वर्षी दादा नव्हता तेव्हा घातले होते, तेवढेच. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी कॅफेकडे पाय वळत नव्हता. तरी गेले. चार टोकांना चार प्रोब सोडायला घेतले, तर नकाशा उघडल्या उघडल्या दादाचं जहाज दिसलं... माझ्या ग्रहाच्या अगदी समोर. लपलाच नव्हता तो!

त्या अर्ध्या तासात आम्ही फारसं काही लिहिलं नाही. 'आहेस?' त्याने विचारायचं, 'आहे,' मी म्हणायचं... थोड्या वेळाने उलटं.

आता दादा व्हिडिओ कॉलवर हवा तेव्हा दिसतो, टकलासकट दिसतो. पण खरं सांगू? त्या सकाळी दोन ठिपके एकमेकांना खेटून उभे होते, आणि दादाची जितकी आठवण मला तेव्हा आली, तितकी पुन्हा कधीच आली नाही.