घरच्यांना न सांगितलेली बातमी

आपली सासू शांतम्मा कधीकाळी हेर होती हे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या महेश्वरीला कळलं, ते स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून. शांतम्मा सांगत होत्या बार्शीच्या कॉलेजातून आलेल्या आरोहीला.

आरोही हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सोलापूरच्या गुप्त बातमीदारांचा इतिहास गोळा करत होती. तिच्या मोबाइलसमोर नव्वदी ओलांडलेल्या शांतम्मा अशा खुलल्या, की महेश्वरीला तो आवाजच अनोळखी वाटला. निजामाच्या हद्दीत त्यांच्या मामाचं गाव होतं. चौदा-पंधरा वर्षांची शांतम्मा भाकरीचं गाठोडं घेऊन मामाकडं निघायची, शिपायांशी कानडीत बोलत नाका ओलांडायची, रझाकार किती, बंदुका किती, सगळं डोक्यात ठेवायची आणि परत आल्यावर सोलापुरातल्या, लढ्यात सामील असलेल्या एका शिंप्याच्या कानावर घालायची.

महेश्वरीचा जळफळाट झाला. लग्न होऊन आल्यापासून तिनं या बाईचे पाय चेपले होते, दुखण्यात घास भरवले होते. नवरा गेल्यावर तर घरात दोघीच. आणि ही कालची पोर येते काय, सगळं घेऊन जाते काय!

पुढच्या आठवड्यात आरोहीचा फोन आला.

"अत्तेंना बरं नाही. येऊ नका," महेश्वरीनं ठोकून दिलं. सासूला ती कानडी वळणानं अत्ते म्हणायची.

झालं उलटंच. आरोही काळजीनं मोसंबी घेऊन दुपारी दारात हजर. शांतम्मा खाटेवर ताठ बसून शेंगा फोडत होत्या.

"मला काय धाड भरली?" त्या म्हणाल्या. महेश्वरीची मान खाली गेली.

आरोही गेल्यावर शांतम्मांनी सुनेला हाक मारली. "खोटं का बोललीस गं?"

"मग काय करू? इतकी वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला न्हाईत. ती तुमची कोण लागते?"

"कोणीच न्हाय. म्हणून तर बोलले." शांतम्मांनी शेंगांची टरफलं बाजूला सारली. "आमाला पहिलं हेच शिकवलेलं, घरात बोलायचं न्हाय. धरलं तर घरच्यांना मारतात. ज्याला ठाऊकच न्हाय, तो काय सांगणार? माझ्या आईला ठाऊक नव्हतं, तुझ्या सासऱ्यांनाबी न्हाय."

"आता कोण येतंय मारायला?"

"कोण येणार! पण घरच्या माणसापुढं जीभच वळत न्हाय बघ."

घरचं माणूस म्हटल्यानं महेश्वरी जरा निवळली. पण जराच. गोष्टी तर त्या पोरीच्या मोबाइलमध्येच होत्या की.

रविवारी आरोही पुन्हा आली, तेव्हा महेश्वरी खाटेवर सासूला खेटूनच बसली. शांतम्मा अडखळल्या. सुनेकडं बघून दोनदा घसा साफ केला. आरोही काही विचारणार, तेवढ्यात महेश्वरीनंच विचारलं, "अत्ते, नाक्यावर भ्या वाटायचं का?"

"लई," शांतम्मा तिच्याकडं वळून म्हणाल्या. "तोंडाला कोरड पडायची. म्हणून तर बडबड करायची मी." आणि मग त्या बोलतच राहिल्या.

महेश्वरी जागची हलली नाही. त्या दिवशी आरोहीला चहाशिवायच बार्शीची एसटी गाठावी लागली.