जनरलसाहेबांचा सत्कार

ते मी केलं, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

इकडे परदेशात, शॉमबर्गला आमच्या शेजारी एक रोमेनियन बाई राहतात. गेल्या वर्षी त्यांचे म्हातारे वडील त्यांच्याकडे राहायला आले. ताठ कणा, पांढरीशुभ्र मिशी, आणि भेटलं की वाकून हाताचं चुंबन. पहिल्यांदा मी दचकून हात मागे घेतला. पुढे, खोटं कशाला बोलू, आवडायला लागलं. आमचे हे त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळत. धनगराचा मुलगा सैन्यात जनरल झाला, हुकूमशाही कोसळल्यावर राजकारणात शिरला, निवडून आला, मंत्रीसुद्धा झाला. एवढी माहिती आम्हाला पुरली. डाळीच्या पाकिटावरची तारीख चष्मा लावून वाचणारी मी, पण या माणसाची कधी चौकशी केली नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला मुंबईहून येणारा नट ऐनवेळी येईना. सूत्रं माझ्याकडे होती. प्रमुख पाहुणा आणि शाल-श्रीफळ नसेल, तर आम्हा मराठी माणसांना कार्यक्रम झाल्यासारखा वाटतच नाही.

“आमचे जनरलसाहेब आहेत की!” मी म्हटलं.

“अहो, पण त्यांचं आणि संक्रांतीचं काय कनेक्शन?” अध्यक्षांनी विचारलं.

“नटाचं काय होतं?”

विषय तिथंच संपला.

माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीणही रोमेनियन. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आमची टेबलं शेजारी होती. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पोटच्या मुलीआधी ही धावत आली होती. डिसेंबरातल्या एका दिवशी ती धाकट्या भावाच्या नावानं मेणबत्ती लावून घरी बसे. तो कशानं गेला, हे मी कधी विचारलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल खोदून विचारू नये, असं आपल्याकडे शिकवतात. काहीतरी आजारपण असेल, असं मीच धरून चालले होते.

मी ठरवलं, सत्कार हिच्याच हातून करायचा. सरप्राइज! “तुझ्या देशातला एक मोठा माणूस आहे,” एवढंच तिला सांगितलं. माझी काळी चंद्रकळा मी तिला स्वतः नेसवली. “सणाला काळं?” म्हणून ती हसली. तिच्या हातावर तिळगुळाची पुडी ठेवली, तेव्हा दरवर्षीसारखं तोडक्यामोडक्या मराठीत “गोड बोला” म्हणाली.

संध्याकाळी स्टेजवर मी परिचय वाचला. जनरलसाहेबांनीच तो सांगितला होता. ‘त्या हिवाळ्यात शहर पेटलेलं असताना यांनी सुव्यवस्था राखली,’ असं त्यात एक वाक्य होतं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतून उठून ते वर आले आणि वळले. ती शाल घेऊन समोर उभी होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, हिला चक्कर येतेय. ती माझ्याजवळ आली आणि कानाशी इंग्रजीत म्हणाली, “याच्या हुकमानं गोळ्या चालल्या. माझा भाऊ ब्रेड आणायला गेला होता.” शाल माझ्या हातात देऊन ती पायऱ्या उतरली.

मला ऐकू आलं, नीट कळलंही. समोर हॉल भरलेला. जनरलसाहेब मान वाकवून उभे होते, दुपारी मीच शिकवलं होतं तसे.

“काय झालं? कंटिन्यू करा, कंटिन्यू!” अध्यक्ष मागून कुजबुजले.

पाहुण्याचा अपमान नको, कार्यक्रमाचा विचका नको, हे आमच्या इतकं हाडीमाशी भिनलेलं की डोक्याच्या आधी हात चालले. मी शाल उलगडली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. नारळही दिला. त्यांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती दाराशी उभी राहून बघत होती.

मी तशीच चपला घालून बर्फातून पार्किंगमध्ये धावले. तिनं गाडीची काच खाली केली.

“तो निवडून आला, त्याच आठवड्यात मी देश सोडायचं ठरवलं,” ती म्हणाली. “प्रत्येक खांबावर त्याचा फोटो होता.”

“मला खरंच माहीत नव्हतं गं.”

“आधी नव्हतं. मी सांगितल्यावर?”

काच वर करून ती निघून गेली.

आमच्या ह्यांनी बुद्धिबळ बंद केलं. जनरलसाहेब अजूनही दिसले की हात पुढे करतात, आणि मी हातातल्या पिशव्या घट्ट धरून आत पळते. त्यांना मी काही विचारलेलं नाही. माझ्याच हातांची मला इतकी शिसारी येते, की त्यांना कोणत्या तोंडानं विचारू?

चार दिवसांनी चंद्रकळा दाराशी आली, ड्रायक्लीन करून, कागदात गुंडाळून. चिठ्ठी असेल म्हणून मी एकेक घडी उलगडून पाहिली. आत तिळगुळाची पुडी होती, न उघडलेली.