मालगुजाराच्या बंदुकीची माशी

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर शिलाई मशिनी दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांच्यामुळे माझी नोकरी वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सगळी माझीच फजिती आहे आणि ती सांगता सांगता मुख्य माणूस राहून जायचा. त्यांचं नाव लिहीत नाही. ‘माझं नाव कुठी काढू नको’ असं त्यांनी बजावलंय. त्याला कितीतरी वर्षं झाली, पण मला अजून धाक वाटतो.

मी साताऱ्याकडचा, माणदेशातला. सातवीत शाळा सुटली, बोअरच्या गाडीवर लागलो आणि भोकं पाडत पाडत गडचिरोलीपर्यंत आलो. तिथं हिवतापानं लोळवलं. गाडी पुढं गेली, मी दवाखान्यात राहिलो. बरा झालो तेव्हा घरी जायला तोंड नव्हतं. अशा वेळी नागभीडजवळच्या एका गावातल्या म्हाताऱ्या मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, मला जीप चालवायला ठेवून घेतलं. खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. म्हणून त्या घरात मी पाऊलसुद्धा जपून टाकायचो. हातात कपबशी आली तरी घाम फुटायचा.

मालकांकडे इंग्रजांच्या काळातली एक रायफल होती. लायसनची. गोळ्या कधीच संपल्या होत्या आणि नव्या आणायचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण रोज सकाळी चहा झाला की मालक ओसरीवर बसून बंदूक खांद्याला लावायचे, एक डोळा मिटायचे आणि समोरच्या चिंचेवर नेम धरायचे. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर लोखंडाचा बारीक उभा तुकडा असतो, त्याला माशी म्हणतात. मोतीबिंदू वाढल्यापासून ती माशी मालकांना नीट दिसेना. तर ते बंदुकीवर नाही, चिंचेवर चिडायचे.

त्या वर्षी दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली. विळे, कुऱ्हाडी, जीप आणि बंदूक. मी हौसेनं नळीच्या टोकाला झेंडूचा जाडजूड हार बांधला. दुसऱ्या दिवशी मालक मुलाबरोबर डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला निघाले. जीपमध्ये बसताना म्हणाले, “आलो का पहिले बंदूक पाह्यतो. पुसून ठेव बरं.”

त्यांना स्टेशनवर सोडून आलो आणि लगेच कामाला लागलो. हाराची गाठ सुटेना, म्हणून एक हिसका दिला. हार निघाला. बाकीच्या निर्माल्याबरोबर तो गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे भातशेतीच्या तळ्यात, सोडून आलो. परत येऊन फडकं घेतलं तर नळीच्या टोकावर नुसती खाच. माशी हाराबरोबर पाण्यात गेली होती.

तसाच पळत गेलो आणि पँट वर करून बोडीत उतरलो. काठावर बाया धुणं धूत होत्या.

“काय शोधून राह्यला भाऊ?”

बंदुकीचा भाग म्हणायची हिंमत होईना. “अंगठी,” म्हणालो.

“सोन्याची हाय का?”

“सोन्याचीच.”

झालं! पाच-सहा जणी पदर खोचून पाण्यात.

“बायकोनं देली असन.”

“लग्न नाही झालं माझं.”

“मंग देली कोनं गा?” यावर सगळ्या अशा हसल्या की काठावरच्या म्हशी उठल्या. तासाभरानं एकीला चांदीचं जोडवं सापडलं. दुसरी म्हणाली, हे माझ्या सासूचं. दोघींची जुंपली तसा मी हळूच बाहेर आलो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की ड्रायव्हरला कुण्या पोरीनं अंगठी दिली होती आणि त्यानं ती बुडवली.

मला हसू येत नव्हतं. बंदुकीचा भाग हरवला म्हणजे ठाण्यात बोलावतील, मालक हाकलून देतील, आणि या मुलखात मला दुसरं ओळखतंय कोण?

दोन दिवसांनी मालकीणबाईंनी शिलाई मशीनचा एक सुटा भाग देऊन मला चाचांकडे पाठवलं. चाचांनी नुसतं “तब्येत बरी नाई काय बेटा?” विचारलं आणि मी सगळं भडाभडा ओकलो.

चाचांच्या हातातला पेचकस थांबला. “बंदूक? मी मशिनीचा कारागीर. बंदुकीचं लायसन माझ्यापाशी नाई. मले बंदूक दाखवू नको, इथी आणू नको, तिचं नावही काढू नको.”

मी उठलो.

“अरे बस ना! चालला कुठी? मशिनीचा पार्ट पायजे म्हन. खाच केवढी हाय?”

मी अंगठ्याचं नख दाखवलं.

“नखाच्या मापानं लोखंड कापत असते काय? साबणावर छाप घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी लाल साबणाची वडी खाचेवर दाबली, रुमालात गुंडाळली आणि शेअर जीपमधून मांडीवर अंडं ठेवल्यासारखी नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी गेलो तर चाचा खाली बघत होते. घरी त्या साबणानं नातवंडांच्या आंघोळी झाल्या होत्या.

“पोरं मातर चांगली निंघाली,” ते म्हणाले. “आता मेणावर आण. मेण कोनी आंगाले लावत नाई.”

मेणावरचा छाप टिकला. मग प्रश्न आला उंचीचा.

“भाताच्या दाण्याएवढी होती,” मी म्हणालो.

“कोनत्या? जाडा का लुचई?”

मी ज्वारी खाणाऱ्या मुलखातला. मला भात म्हणजे भात. चाचांनी शेजारच्या दुकानातून चार-पाच जातींचे धानाचे दाणे आणले, तळहातावर ओळीनं मांडले आणि म्हणाले, “चोर ओळख.” मी घाबरत घाबरत लुचईवर, म्हणजे बारीक दाण्यावर, बोट ठेवलं. मशिनीत कापड दाबणारा एक जुना मोडका पाय त्यांनी शिकंज्यात धरला आणि कानशीनं घासायला घेतला. मधूनच दाणा शेजारी धरून बघायचे. शेवटी तुकडा लाल होईपर्यंत तापवून जवसाच्या तेलात बुडवला. बाहेर निघाला तो काळाभोर, पण आकारानं कोवळ्या दातासारखा.

“आता हा बसवायचा कसा?” मी विचारलं. माझे हात बघून चाचांनी उसासा टाकला. मालक यायच्या आदल्या दिवशी मशीन तपासायच्या निमित्तानं ते मालकांच्या घरी आले. मी बंदूक आणली तशी त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“मी काईच पाह्यलं नाई,” भिंतीला म्हणाले. “लाकडाचा ठोकळा घे. उजवीकडून ठोक. हळू!”

मी ठोकलं.

“वाकडं चाललं. आवाज फाटला. उलटं काढ.”

पुन्हा ठोकलं. चाचा मान तिरपी करून ऐकत होते. तेवढ्यात मालकीणबाई चहा घेऊन आल्या.

“चाचा, भिंतीकडे तोंड करून काऊन बसले?”

“उजेड सोसत नाई बाई.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या बंदुकीकडे पाहिलं आणि चहा भिंतीच्या बाजूला नेऊन ठेवला. “तुमचं चालू द्या,” एवढंच म्हणाल्या. चार-पाच ठोक्यांनंतर आवाज बदलला, ठक्कन भरीव आला. “बसली,” चाचा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मी पैसे पुढं केले. “कायचे? बंदुकीचं काम तर मी करतच नाई,” असं म्हणून त्यांनी फक्त बाईंच्या मशीनचे घेतले.

दुसऱ्या दिवशी मालक हिरवा चष्मा लावून आले. हातपायही न धुता बंदूक मागितली. खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि चिंचेकडे बघत राहिले. किती वेळ!

“अबे!” मालक ओरडले.

“जी मालक,” मी म्हणालो. मनात गाठोडं बांधलेलंच होतं.

“पाच वर्षं झाले, ही माशी मले फिसकटलेली दिसे. आज कशी सुईसारखी उभी हाय! डॉक्टर म्हणजे हुशार माणूस, बाप्पा!”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बाईंनी समोर पाण्याचा तांब्या धरला. “पी,” म्हणाल्या. मी प्यालो.

त्याच आठवड्यात मालकांनी नागपूरच्या डॉक्टरांना बारीक तांदळाचं पोतं भेट पाठवलं. ते माझ्याच पाठीवरून नागभीडला गाडीत चढलं. पाठ दुखत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. कारागिराच्या वाट्याला भिंत आणि एक कप चहा, आणि पोतं भलत्यालाच. चाचांना हे सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले आणि म्हणाले, “डॉक्टरले सांगजो, लुचई हाय म्हनून.”

मालक पुढं चार वर्षं त्याच माशीतून चिंचेवर नेम धरत राहिले. मीही त्याच खोलीत राहिलो, पुढं इथलाच झालो. चाचा अजून बसस्टँडसमोर आहेत, फाटक्या ताडपत्रीखाली. पाऊस आला की मशिनी मध्ये सरकवतात आणि स्वतः भिजतात. विचारलं तर नको म्हणतील, म्हणून विचारणार नाही. एके दिवशी चार लोखंडी खांब आणि टिनाचे पत्रे घेऊन जाईन आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या हातांनी पक्कं छप्पर घालून देईन.