व्हिएतनामच्या वर्गात आमची चंद्री

व्हिएतनाममधल्या एका शाळेत मला ओळखणारी वर्गभर मुलं आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाशीही मी शुद्धीवर असताना बोललेलो नाही.

माझं आखाडा बाळापूरला मोबाईलचं दुकान आहे. बायको मनीषा, माहेर हट्ट्याचं, कळमनुरीच्या एका इंग्रजी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. (घरात शिकलेली ती आणि समजावून सांगणारा मी, अशी आमच्याकडं कामाची वाटणी होती.) परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये अर्ज करायचं तिनं ठरवलं, तेव्हा मी लगेच परवानगी दिली. तिनं मागितली नव्हती, पण मी दिली.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. घर शाळा देते की आपण शोधायचं, करार किती वर्षांचा, आजारी पडलं तर दवाखाना कुणाचा, नवऱ्याला तिथं काम करता येतं की नाही, असले प्रश्न मनीषाच्या डोक्यात. माझ्या आईचे प्रश्न वेगळे.

"तिथं ज्वारी भेटती का?"

"न्हाई भेटत, आई. भात खातेत तिकडं," मनीषा म्हणाली.

"आन धुणं वाळू घालायला जागा?"

मनीषानं तो वहीत उतरवून घेतला. एवढी शिकलेली बाई, पण हा प्रश्न तिला सुचला नव्हता. मला तर त्याच्या आधीचेही सुचले नव्हते.

शेवटी व्हिएतनामच्या एका शाळेनं कळवलं, की मुलाखत आवडली, आता ऑनलाईन एक तास घेऊन दाखवा. समोर खरा वर्ग असणार, खरी मुलं असणार आणि मुख्याध्यापिका एलेन मॅडम मागं बसून बघणार. त्या तासावर सगळं ठरणार होतं.

"तू फक्त शिकव," मी मनीषाला म्हणालो. "बाकीचं माझ्याकडं. आपण नेटवर्कचा माणूस हाय."

दुकानात तास घ्यावा तर त्या दिवशी बाजार. घरात घ्यावा तर पत्र्याखाली रेंज येत नाही. आमच्या घराला रेंज येते ती एकाच ठिकाणी, अंगणात, गोठ्याच्या तोंडाशी. तिथं टेबल मांडलं. आता मागं गोठा दिसायला नको, म्हणून मी डोकं चालवलं. मागच्या वाढदिवसाला मित्रांनी माझा मोठा फ्लेक्स लावला होता. त्याची मागची बाजू कोरी, पांढरीशुभ्र. तो उलटा करून दोन खांबांना बांधला. पुढून बघितलं तर थेट टीव्हीवरच्या बातम्यांचा स्टुडिओ. मी स्वतःवर खूष झालो.

आई कडब्याची पेंढी घेऊन आली. फ्लेक्समागं आमची म्हैस चंद्री उभी होती.

"हिला परसात बांध," आई म्हणाली. "दिवस भरलेत तिचे. कास बघ कशी तटतटली."

"आज न्हाई व्यायची ती. उद्या-परवा."

"तुला कसं ठाऊक?"

"अंदाज हाय."

(मोबाईलची बॅटरी किती चालेल ते मी नुसतं बघून सांगतो. त्यातलाच प्रकार असेल असं मला वाटलं.)

तास सुरू झाला. पडद्यावर मुलं दिसली. गोरी, काळी, चपट्या नाकाची, कुरळ्या केसांची, जणू नकाशातून एकेक उचलून बाकावर बसवलेली. मनीषानं हातात जास्वंदीचं फूल घेतलं आणि परागीभवन शिकवायला लागली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला शिकवताना कधी बघितलं नव्हतं. "अहो, सिलेंडर संपलं" म्हणणारा आवाज तोच होता. पण इथं तो जरा खाली आला की सगळी मुलं पुढं सरकून बसायची. ती प्रश्न विचारायची आणि थांबायची. थांबण्यात एवढं काही असतं हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात कधी कुणाच्या उत्तरासाठी थांबलेलो नाही. कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला उभा राहून मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

तेवढ्यात फ्लेक्समागून चंद्री रेकली. रेकली म्हणजे काय, एसटीचा हॉर्न अडकावा तशी.

एका पोरानं विचारलं, "मॅडम, हे कुठलं वाद्य?"

(माझं इंग्रजी मोबाईलच्या खोक्यावरचं. तरी एवढं कळलं.)

"ती आमची म्हैस आहे," मनीषा शांतपणे म्हणाली आणि पुंकेसरांकडं वळली.

मी दात-ओठ खात चंद्रीला खुणा केल्या. ती वळली, तिचं शिंग फ्लेक्सच्या खालच्या दोरीत अडकलं, दोरी तुटली आणि वाऱ्यानं फ्लेक्स उलटून पुढं आला. मनीषाच्या डोक्यामागं, सगळ्या व्हिएतनामला दिसेल असा, मी. काळा गॉगल, हात जोडलेले, गळ्यात हार.

"हे तुमचे नेते आहेत का?" एका मुलीनं विचारलं.

"नाही. माझे यजमान."

"खाली काय लिहिलंय?"

माझी बायको मुलांशी खोटं बोलत नाही. तिनं मागं वळून वाचलं आणि इंग्रजीत सांगितलं, "तरुणांचं आशास्थान."

एलेन मॅडमनी चष्मा पुसला.

मी फ्लेक्स सरळ करायला धावलो, तोवर चंद्री धाडकन आडवी झाली आणि खांबासकट सगळा स्टुडिओ खाली आला. आता टेबलामागं उघडा गोठा, त्यात कळा देणारी म्हैस, पदर खोचून बसलेली आई आणि मधोमध फ्लेक्समध्ये गुंडाळलेला मी.

"मनीषा," आई ओरडली नाही, पण तिचा आवाज वेगळा होता. "एकच पाय येऊन राहिला. दुसरा आतच अडकला."

मी फ्लेक्समधून बाहेर आलो आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते लांब एका शेतावर होते. "यायला टाईम लागंल," म्हणाले. आईनं मान हलवली. तेवढा वेळ नव्हता. चंद्री दुसऱ्यांदाच वीत होती आणि घरातलं दूध, लेकरासारखी तिच्यावरची आईची माया, सगळं तिथं जमिनीवर धापा टाकत पडलं होतं.

मनीषानं एकदा चंद्रीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. ह्या तासासाठी ती महिनाभर राबली होती. तिनं जास्वंद टेबलावर ठेवली.

"मॅडम," ती एलेन मॅडमना म्हणाली, "माझ्या म्हशीला आत्ता माझी गरज आहे. तास इथंच थांबवावा लागेल, मला माफ करा. किंवा मुलांना बघायचं असेल आणि तुमची हरकत नसेल, तर मी करताना सांगत जाईन. ज्याला नको असेल त्यानं नजर दुसरीकडं करावी."

एलेन मॅडमनी मुलांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आम्ही बघतो."

मनीषानं लॅपटॉप माझ्या हातात दिला. "तुमी नुसतं हे धरा. हलवू नका."

तिनं बांगड्या काढल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, खोबरेल चोपडलं आणि चंद्रीमागं गुडघ्यावर बसली. हट्ट्याला वडिलांच्या गोठ्यात तिनं हे केलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आई चंद्रीच्या मानेवर हात ठेवून "हां माय, हां माय" करत होती. आणि मनीषा, अर्धा हात आत, इंग्रजीत सांगत होती. रेडकू कसं यायला हवं, पुढचे दोन पाय आणि मधे नाक. इथं एक पाय गुडघ्यात मुडपलाय. कळ आली की जोर लावायचा नाही, कळ गेली की डोकं हलकेच मागं सारायचं, खूर तळहातात झाकून घ्यायचं म्हणजे आतून इजा होत नाही. आवाज तोच, पुंकेसरांचा. घामानं कुंकू नाकावर आलेलं, पण वाक्य एकही तुटलं नाही.

मी बघून राहिलो. अशी बाई आपल्या घरात राहते, आपल्याला जेवायला वाढते आणि आपण तिला परवानगी देतो, ह्या विचारानं मला कसंतरीच झालं. विचारानंच झालं असं मी आजही सांगतो. पण त्याच वेळी तिच्या हातासोबत खूर बाहेर आलं, पाठोपाठ बरंच काही आलं, आणि अंगणातलं कडुनिंबाचं झाड हळूहळू आडवं व्हायला लागलं.

पुढचं मला आईनं सांगितलं. लॅपटॉप काही मी सोडला नाही. छातीशी धरून तसाच कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर उताणा पडलो. व्हिएतनामला आधी आभाळ दिसलं, मग कडुनिंब, मग लॅपटॉप कलंडला आणि अगदी जवळून माझा चेहरा, डोळे मिटलेला, मिशीत कुटार. मुलं घाबरली.

"मॅडम, त्यांना काय झालं?"

मनीषानं वळूनही बघितलं नाही. "श्वास चालू आहे का त्यांचा?"

"हो."

"मग राहू द्या. इकडं जास्त गरज आहे."

आईनं एका हातानं माझ्या तोंडावर पाणी मारलं, दुसऱ्या हातानं लॅपटॉप काढून घेतला आणि कडब्याच्या पेंढीवर असा ठेवला, की माझ्यापेक्षा चांगलं चित्र दिसायला लागलं.

मी शुद्धीवर आलो ते शांततेमुळं. रेडकू बाहेर पडलं होतं, काळं, ओलं आणि निपचित. मनीषा आता काही सांगत नव्हती. तिनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, गवताच्या बोळ्यानं छाती चोळायला लागली. नाकात काडी घातली. पुन्हा चोळलं. पडद्यावर सगळी मुलं उभी राहिली होती. एक देश तिकडं, एक अंगण इकडं, आणि मधे ते काळं गाठोडं.

मग ते शिंकलं.

एवढीशी शिंक. चंद्रीनं मान वळवून हुंकार दिला, आणि तिकडं व्हिएतनामात जो गलका झाला, त्यानं आमचं कोंबडं भिंतीवरून खाली पडलं. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "वगार हाय गं." मनीषानं मुलांना सांगितलं, मुलगी झाली.

मागच्या बाकावरच्या एका लहानखुऱ्या मुलीनं हात वर केला. लिन तिचं नाव. म्हणाली, "माझ्या आजोबांकडं अशीच म्हैस होती. ते तिला रोज नदीवर न्यायचे." ती बोलत राहिली आणि मनीषा, हात अजून तसेच भरलेले, ती संपेपर्यंत थांबली. एलेन मॅडम त्या मुलीकडं बघत होत्या. नंतर कळलं, नव्यानं आलेली ती मुलगी त्या वर्गात कधी आपणहून बोललीच नव्हती.

काही दिवसांनी एलेन मॅडमचा फोन आला. मनीषानं तो स्पीकरवर टाकला. निवड झाली होती. तास ठरवल्याप्रमाणं झाला नाही, पण असा तास आपण बघितला नव्हता, असं त्या म्हणाल्या. मग कामाचं बोलणं झालं. शाळेजवळ घर मिळेल, दवाखान्याचा विमा दोघांचा असेल. मनीषानं भीतभीत धुण्याचं विचारलं. बाल्कनी आहे, उत्तर मिळालं. आईनं समाधानानं सुपारी कातरली.

"एकच विचारायचं होतं," एलेन मॅडम म्हणाल्या. "विम्याची कंपनी विचारते म्हणून. तुमचे यजमान असे वरचेवर पडतात का?"

"नाही मॅडम," मनीषा म्हणाली. "दुसरं कुणी काम करत असलं तरच."

आता आमची जायची तयारी चालू आहे. दुकान भाऊ बघणार, चंद्री आणि वगार आईकडं. परवा माझे व्हिसाचे कागद आले. त्यावर माझ्या नावापुढं 'डिपेंडंट' असा एक इंग्रजी शब्द होता. मी आईला समजावून सांगायला बसलो.

"मनीषा नोकरीवर चालली. मला तिथं काम करता येत न्हाई. म्हणून सरकारनं लिहून दिलं, ह्यो माणूस सगळा बायकोच्या जिवावर हाय."

आईनं कागद उलटासुलटा करून बघितला, त्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"एवढ्यासाठी व्हिएतनामच्या सरकारला कशाला तकलीफ दिली?" ती म्हणाली. "बाळापुरात कुणालाबी विचारलं असतं तर सांगितलं असतं."